कल्हईचे कथील आणि डबीतला सुरमा

आमची भाची यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि कॉलेज जवळ पडते म्हणून आमच्याकडे राहायला आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी इंग्रजीतून, तीही पाठांतराच्या जोरावर. पहिल्या सहामाहीत असेंद्रिय रसायनाचे पुस्तक हाती पडले आणि पोरीचा धीर सुटला. एका रात्री जेवणानंतर डोळे पुसत म्हणाली, "खाला, ११८ मूलद्रव्ये, त्यांची चिन्हे, त्यांचे गुणधर्म! किती पाठ करू? मी विषयच बदलते."

आम्हाला रसायनशास्त्र येत नाही. पण हातातले काम बाजूला ठेवून आम्ही म्हणालो, "सगळे राहू दे. एकच उभी रांग आम्हाला समजावून सांग." तिने पुस्तक उघडले आणि बोट ठेवले चौदाव्या गणावर. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, टिन, लेड.

"टिन म्हणजे कथील ना? कल्हईचे?" आम्ही विचारले.

ती थबकली. लग्नाच्या देगा आणि घरातली तांब्याची पातेली कल्हईला जायची, ते तिनेही लहानपणी पाहिले होते. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघायचा, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते भांडेभर फिरवायचे. हे का होते, ते तिने पुस्तकात पाहून सांगितले. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. म्हणून कथील पाण्यासारखे पसरते आणि पातेले जागचे हलत नाही. नवसागर तापला की तांब्यावरचा काळा थर काढून टाकतो, तेव्हाच कथील धरते. हे सांगताना तिचे डोळे कोरडे झाले होते.

मग ती स्वतःच पुढे बोलू लागली. या पाचही जणांच्या अणूत सर्वांत बाहेर चार इलेक्ट्रॉन असतात, म्हणून ते एका रांगेत. खाली जावे तसा धातूपणा वाढतो: कोळशातला कार्बन अधातू, मोबाइलच्या चिपमधले सिलिकॉन अधलेमधले, कथील आणि शिसे पक्के धातू. कथील चारही इलेक्ट्रॉन वापरते किंवा दोनच. शिशाला मात्र दोनच वापरणे सोयीचे जाते.

आणि जर्मेनियम? १८६९ मध्ये रशियाच्या मेंडेलीव्हने सारणी मांडली तेव्हा जेमतेम ६३ मूलद्रव्ये माहीत होती. सिलिकॉनच्या खाली बसेल असे काही सापडले नव्हते. त्याने ती जागा रिकामी ठेवली, तिथे येणाऱ्याला ‘एकासिलिकॉन’ म्हटले आणि त्याचा अणुभार ७२ च्या आसपास असेल असे सांगितले. त्यातला ‘एका’ म्हणजे संस्कृतातला आपला ‘एक’! १८८६ मध्ये जर्मनीत विंक्लरला जर्मेनियम सापडले आणि अणुभार निघाला ७२ च्या किंचित वर. पाठांतर करणाऱ्याला रिकामी जागा कधी दिसत नाही. ती नाते ओळखणाऱ्यालाच दिसते. भाचीला आम्ही एवढेच म्हणालो, "बेटा, ही यादी नाही, हा शेजार आहे. कोण कुणाच्या बाजूला राहतो ते बघ."

ती बघू लागली आणि गोष्ट आमच्याच घरात येऊन पोहोचली.

कथिलाचा क्रमांक ५०. त्याच्या उजव्या हाताला ५१ वर अँटिमनी, म्हणजे खऱ्या सुरम्याच्या दगडातला धातू. अरबीतला ‘इस्मिद’ हा दगड म्हणजे साधारणपणे हाच समजला जातो. कथिलाच्या बरोबर खाली ८२ वर शिसे. दोघांचे गंधकाशी झालेले खनिज राखाडी-काळे, चकचकीत. कुटून बारीक केले की नजरेला फरक कळत नाही. आणि बाजारातल्या सुरम्याच्या तपासण्यांमध्ये अनेक देशांत वारंवार निघाले आहे ते शिशाचे खनिज.

भाची उठून आत गेली आणि सुरमेदानी घेऊन आली. आमचा नातू तेव्हा पाच महिन्यांचा. आमच्या सासूबाई, साऱ्या घराच्या दादी, रोज आंघोळीनंतर त्याच्या डोळ्यांत सुरमा घालत. "खाला, शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते," ती हळूच म्हणाली. "हाडांत साठते, मेंदूच्या वाढीला अडवते. लहान मुलांसाठी अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित मर्यादा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ डोळे चोळते आणि तीच मूठ तोंडात घालते."

सूनबाई दारात उभी होती. तिच्या मनातही हे असावे, पण दादींना सांगणार कोण? शेवटी सांगितले भाचीनेच, दादींच्या पायाशी बसून, पुस्तक मांडीवर घेऊन. आम्हाला वाटले, आता राग येणार. दादी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हुजूर (स.) यांनी सांगितला तो इस्मिद. दुकानदाराने डबीत काय भरले, ते मी कधी विचारले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला डॉक्टरांकडे नेले. रक्तातले शिसे मोजता येते, तशी तपासणी करून घेतली. प्रमाण काळजी करण्याइतके नव्हते, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दोन दिवसांत आम्हा तिघींना झोप नव्हती.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल तर सुरमा आधी थांबवा. डबीवर ‘शुद्ध’ किंवा ‘शिसेमुक्त’ छापले आहे म्हणून विश्वास ठेवू नका, प्रयोगशाळेचा अहवाल मागा. महिनोन् महिने घातला असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

आणि घरात पहिल्या वर्षाला असलेली मुलगी "मला हे जमत नाही" म्हणाली, तर तिला एकच रांग समजावायला सांगा. आपल्याला कळले नाही तरी चालेल. तुरटी, पापडखार, नवसागर, कल्हई ही सारी तिच्या पुस्तकात आहेतच. पहिल्या गणाच्या ‘अल्कली’ धातूंचे नावसुद्धा अरबी ‘अल-कली’ वरून, वनस्पतींच्या राखेवरून आलेले आहे. ही तालीम परकी नाही.

भाचीने विषय बदललेला नाही. अजून अडते, अजून चिडते. दादींची पितळी सुरमेदानी फडताळात तशीच आहे, घासून लखलखीत, रिकामी.