शेततळ्यातलं प्रत्येक हिरवं पाणी घाण नसतं

वैराग भागात शेततळी आता नवलाची राहिली नाहीत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, कागद अंथरलेली तळी वाढली, काहींनी त्यात कटला, रोहू, मृगळ सोडले. पण पाणी हिरवं दिसलं की आपल्याकडं सल्ला ठरलेला : "मोरचूद टाका."

ठिबकचा फिल्टर तुंबतो, हे खरंच आहे. पण त्याच हिरवटपणात माशांचं अन्न असतं. सूक्ष्म शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव, यालाच प्लवंग म्हणतात. मोरचूद जास्त झालं तर मासे थेट मरतात. बेतानं टाकलं तरी सगळं शेवाळ एकदम मरतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे गुदमरतात. मग दोष बीजाला देतो.

चांगलं पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. उन्हात, सकाळी दहा-अकराला हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला, तर प्लवंग बेताचं आहे. कोपर बुडूनही तळवा स्वच्छ दिसतो, म्हणजे पाणी उपाशी आहे. मनगट बुडायच्या आतच दिसेनासा झाला, तर शेवाळ फार झालं. शेण आणि खत लगेच थांबवा. मात्र गाळानंही हात दिसत नाही, म्हणून काचेच्या ग्लासात पाणी घेऊन रंग बघा. फिकट हिरवा किंवा हिरवट तपकिरी चांगला. मातकट असेल तर तो गाळ.

शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री घेतं. त्यामुळं पहाटे मासे तोंड वर काढून हापापत असतील तर ताबडतोब ताजं पाणी सोडा, मोटर लावून पाणी उडवा. ढगाळ दिवसांत तर जास्तच लक्ष ठेवा.

आणि वाऱ्यानं एका कडेला जमणारी, रंग सांडल्यासारखी हिरवी साय दिसली, वास आला, तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्याच्या काही जाती विषारी असतात. तिथं जनावरांना पाणी पाजू नका. उजनीचं पाणी हिरवं होतं ते याच प्रकारानं. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून खाली येतं आणि शेवाळाला खत मिळतं. त्या हिरव्याची आपल्याला सवय झालीय, अन् शेतातल्या चांगल्या हिरव्यावर मात्र मोरचूद ओततोय.

माझं म्हणणं एवढंच : तळ्याला अनुदान देताना पाणी वाचायचं शिक्षणही द्या. बांधावर एक दिवसाचं प्रात्यक्षिक पुरे. वीस सेंटिमीटरची पत्र्याची चकती, तिच्यावर काळा-पांढरा रंग आणि खुणा केलेली दोरी, एवढ्यात पाण्याची पारदर्शकता मोजता येते. ती गावातला कुठलाही वेल्डर करून देईल. लाखोंचं तळं खोदतो, मग ही चकती गावागावात का नको? येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा.