अहवालातलं प्रथिन, गालातला चट्टा

तोंडाच्या कर्करोगाच्या वाढीत अमुक प्रथिनाचा हात असल्याची बातमी अधूनमधून छापून येते. मग रुग्णाचा मुलगा कात्रण घेऊन डॉक्टरांना विचारतो, "बाबांचं हे तपासायचं का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेकदा 'आत्ता गरज नाही' असंच येतं.

अशा प्रथिनांमधलं जुनं नाव ईजीएफआर. पेशीच्या आवरणावर बसलेलं हे प्रथिन वाढीचा निरोप आत पोचवतं आणि पेशी विभागते. तो निरोप देणारा घटक शोधणाऱ्या स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल विभागून मिळालं. तोंडाच्या कर्करोगात ईजीएफआर बेसुमार वाढतं आणि ते जास्त असलेल्या रुग्णांचं भवितव्य तुलनेनं वाईट असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. त्याला अडवणारं सेटुक्सिमॅब हे औषधही २००६ पासून डोकं-मानेच्या कर्करोगात वापरात आहे.

मग चाचणी का नको? कारण हे प्रथिन बहुतेक रुग्णांत वाढलेलंच असतं. ज्या चाचणीचं उत्तर जवळपास सगळ्यांचं सारखं, तिच्यावर उपचार ठरत नाहीत. पीडी-एल१ या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते, पण ती मुख्यतः आजार पसरल्यावर किंवा उलटल्यावर.

उपचार ठरतात ते गाठ किती खोल गेली आणि मानेत पसरली का, यावर. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या २०१५ च्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

त्याहून स्वस्त उपाय तिरुवनंतपुरमनं दाखवला. तिथं प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमधले या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी टपरीवर मावा आणि खर्रा घोटला जातोच. प्रथिनांवरचं संशोधन चालायलाच हवं, उद्याची औषधं त्यातूनच येतील. पण आज जीव वाचतो तो लवकर निदानानं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे याच आठवड्यात जा. आणि तंबाखूची पुडी आजच टाका.