भाव किती, हातात किती?

परदेशप्रवास हा आता मूठभर श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही. आमच्या तालुक्यातूनही माणसे परदेशी जातात. मात्र ती युरोप पाहायला जाणारी नव्हेत. कुणी गाडी चालवायला दुबईला जातो, कुणी वायरमन म्हणून सौदीला, कुणी आयुष्यभराची पुंजी घेऊन हजला, तर कुणी यात्रेच्या बसने काशी करून पुढे पशुपतिनाथाला. सीमा ओलांडली की या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. आपल्या रुपयाचे इथे किती होतात?

हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही आणि तो सोडवण्याची रीत आपल्या घरातच आहे, असे माझे मत आहे. अर्थशास्त्राच्या तासाला 'विनिमय दर' हा शब्द आला की आमच्यासारख्या मुलामुलींचे चेहरे कोरे होतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे जे पुस्तकात आहे ते सगळे आपल्याला परके आणि जे घरात आहे ते सगळे अडाणीपणाचे, अशी एक समजूत नकळत मनात घर करते. चलनाचा विषय समजून घेताना माझी ती समजूत पार गळून पडली.

माझे वडील कांदा पिकवतात. बाजारातून घरी आल्यावर 'आज भाव काय निघाला?' असे त्यांना शेजारी विचारतात. आई मात्र तसे कधीच विचारत नाही. ती विचारते, 'पट्टी कितीची आली?' भाव आणि पट्टी यांतले अंतर तिला पाठ आहे. हमाली गेली, तोलाई गेली, गाडीभाडे गेले, की मग जे उरते ते आपले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. सगळी वजावट होऊन त्याच्या हाती धनादेश पडला दोन रुपयांचा! वर्तमानपत्रांतून ही बातमी देशभर गेली, आणि शहरातल्या लोकांना आश्चर्य वाटले. आमच्याकडे दुःख झाले, आश्चर्य कुणाला वाटले नाही.

चलनाचा बाजारही असाच आहे. विमानतळावर चलन बदलून देणाऱ्याच्या फलकावर एकाच नाण्यापुढे दोन आकडे असतात. एका भावाने तो आपल्याकडून विकत घेतो, दुसऱ्या, चढ्या भावाने आपल्याला विकतो. वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर दिसणारा भाव या दोहोंच्या मधला असतो, आणि त्या भावाने सामान्य माणसाला कुणीच चलन देत नाही. मधले अंतर ही त्याची कमाई. मराठीत याला 'वटणावळ' असा जुना नेमका शब्द आहे. 'आम्ही कमिशन घेत नाही' अशी पाटी जिथे असते तिथेही वटणावळ असतेच. ती भावातच मुरवलेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, दिरहमचा मधला भाव साडेचोवीस रुपये आहे. गावातला एखादा मुलगा दहा हजार रुपये घेऊन निघाला. मधल्या भावाने त्याचे ४०८ दिरहम होतात. विमानतळावरच्या खिडकीत भाव २७ रुपये, शिवाय सेवाआकार ३००. म्हणजे उरलेल्या ९,७०० रुपयांचे ३५९ दिरहम हातात पडले. ४९ दिरहम, म्हणजे सुमारे बाराशे रुपये, खिडकीतच राहिले. त्या मुलाला 'भाव काय मिळाला?' असे विचारा, तो २७ सांगेल. पट्टी काढली तर दिसते की एक दिरहम त्याला २७ रुपये ८५ पैशांना पडला. म्हणून पहिला नियम असा: फलकावरचा आकडा विचारू नका, 'मी इतके रुपये दिले तर सगळे कापून हातात किती पडतील?' एवढेच विचारा. हाच प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारला आणि विमानतळावर पोचण्याआधीच आपल्या गावच्या किंवा शहरच्या बँकेत विचारला, तर अर्धे काम झाले.

कार्डाचेही तसेच. परदेशात कार्ड वापरले तर पुष्कळ बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात आणि त्यावर कर घेतात. यंत्रातून पैसे काढले तर प्रत्येक वेळी वेगळा आकार पडतो. तेव्हा पाच वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावेत. आणि एक सापळा फार गोड आहे. दुकानातले यंत्र आपल्याला विचारते, 'बिल रुपयांत घेऊ की इथल्या चलनात?' परमुलखात रुपयाचे नाव दिसले की बरे वाटते आणि बोट तिकडेच जाते. वास्तविक रुपये निवडले की भाव ठरवण्याचा अधिकार आपल्या बँकेकडून त्या दुकानाच्या बाजूला जातो आणि ती बाजू आपली वटणावळ चढवूनच भाव लावते. म्हणून उत्तर नेहमी एकच द्यावे: इथल्याच चलनात.

आता कुणी म्हणेल, मोबाइल एका क्षणात सारा हिशेब करून देतो. मग एवढी डोकेफोड कशाला? मोबाइलला माझा विरोध नाही. पण तो मधला भाव सांगतो, पट्टी सांगत नाही. शिवाय वस्तू हातात घेऊन दुकानदाराशी बोलत असताना ती महाग की स्वस्त हे मनाला तत्काळ कळावे लागते. यंत्र काढून, आकडे घालून, शून्ये मोजेपर्यंत सौदा होऊन गेलेला असतो.

माझी आजी शाळेत गेलेली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गावच्या यात्रेबरोबर नेपाळला जाऊन आली. नेपाळने आपला रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी बांधून ठेवला आहे. आपल्या शंभराचे तिकडे १६० होतात. बसमधल्या शिकलेल्या मंडळींनी १.६ ने भागाकार करायला मोबाइल काढले. आजीने एकालाच विचारले, 'सोळा रुपयांचे आपले किती?' दहा, असे उत्तर मिळाले. 'मग त्यांचा रुपया म्हणजे आपले दहा आणे!' एवढे बोलून तिने विषय संपवला. काठमांडूत रुद्राक्षाच्या माळेचे दुकानदाराने सांगितले, 'नेपाळी चारशे, नाहीतर भारतीय तीनशे द्या, आजी.' आजी म्हणाली, 'चारशेचे निम्मे दोनशे, वर दोन आण्यांचे पन्नास. अडीचशे होतात, बाळा.' आणि तिने अडीचशेच दिले. आपल्या देशात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि व्यवहारातून आणे गेले. पण सोळा आण्यांचा रुपया ज्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे त्यांना अपूर्णांकाची भीती वाटत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असत. आपण त्यांची थट्टा करतो. पण दिरहमचा भाव पंचविसाच्या जवळ असेल तर अडीचकी म्हणायची आणि पुढे एक शून्य मांडायचे: साठ दिरहमची वस्तू, साठ अडीच दीडशे, म्हणजे पंधराशे रुपये. नेमका हिशेब १,४७० येतो. आपण थोडे जास्त धरले, ते खर्च करणाऱ्याच्या हिताचेच आहे. भाव बदलला की पाढा बदलायचा. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या देशाच्या नाण्याचा असा एक सोपा पाढा ठरवून घ्यावा. दशांशचिन्हापुढचे आकडे बँकांना लखलाभ असोत.

शून्यांना मात्र भुलू नये. इंडोनेशियात चहाचे बिल हजारांत येते, म्हणून तिथला चहा महाग ठरत नाही. उलट कुवेतचा एक दिनार तीन डॉलरहून मोलाचा आहे आणि त्याचे हजार फिल्स होतात; तिथे '२५० फिल्स' म्हणजे चिल्लर नव्हे, चांगला पाव दिनार! आखाती देशांपुरती आणखी एक सोय आहे. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला पावणेचार आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असे बांधलेले आहेत. म्हणजे डॉलरचा भाव एकदा कळला की या दोहोंचा भाव आपोआप कळतो. डॉलर ९० रुपये असेल तर रियाल २४.

एके काळी तर या साऱ्या खटाटोपाची गरजच नव्हती. आखातातल्या अनेक प्रदेशांत आपला रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी निराळ्या रंगाच्या खास नोटाही काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. पुढे ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले; डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. शंभर रुपयांचे आदल्या दिवशी २१ डॉलर होत होते, ते सव्वातेरावर आले. त्याच वर्षी दुबई आणि कतार यांनीही रुपया सोडला. ज्या दुबईत आपला रुपया चालत होता त्याच दुबईत आज आपला माणूस दिरहम मोजतो, हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात असता तर विनिमय दराचा धडा इतका कोरडा वाटला नसता.

रुपयाच्या या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? परदेशी नाण्याशी रुपयाचा भाव काय, यापेक्षा रुपयात माल किती येतो हे महत्त्वाचे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. शंभर वर्षांनंतरही परदेशी निघालेल्या माणसाने हेच ध्यानात धरले पाहिजे.

कारण खरी ठोकर इथेच बसते. सहलीला गेलेल्याचे बाराशे रुपये बुडाले तर तो हळहळतो आणि विसरतो. पण नोकरीसाठी जाणाऱ्याला एजंट सांगतो, 'पगार दोन हजार दिरहम, म्हणजे महिना पन्नास हजार!' हा गुणाकार ऐकून घरात आनंद होतो, प्रसंगी जमीन गहाण पडते. गुणाकार फारसा खोटा नसतो. तो अपुरा असतो. राहायला-जेवायला मालकाकडून आहे का? नसेल आणि त्यावर ६०० दिरहम गेले, तर उरले १,४००. साडेचोवीसच्या भावाने ते ३४,३०० होतात. त्यातून पैसे घरी पाठवण्याची वटणावळ वजा. हा झाला हाती पडणारा पगार. पन्नास हजार हा भाव आहे, पट्टी नव्हे. जी माणसे कांद्याच्या भावाला फसत नाहीत तीच माणसे दिरहमच्या भावाला फसतात, कारण परदेशाचे नाव आले की आपले घरचे शहाणपण तिथे चालणार नाही असे त्यांना वाटते. ही भीती घालवणे हे आपल्यासारख्या शिकणाऱ्यांचे काम आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र मंडळाने वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. परदेशी जाणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलवावे. बाजाराची पट्टी आणि चलन बदलल्याची पावती शेजारी शेजारी ठेवावी आणि ओळीमागून ओळ वाचून दाखवावी. नोकरीच्या कागदावरचा पगारही तसाच वजावटीसह मांडावा. यासाठी खर्च नाही, पाहुणे नकोत, हारतुरेही नकोत. प्राध्यापकांनी विनिमय दर समजावून सांगावा, आम्ही पट्टी समजावून सांगू.

शिक्षण म्हणजे घरचे विसरून पुस्तकातले पाठ करणे नव्हे. पुस्तकातला शब्द आणि घरातला अनुभव यांची ओळख करून देता आली, तरच आम्ही पहिल्या पिढीच्या मुलामुलींनी इथवर येण्याचा खर्च वसूल झाला असे म्हणता येईल. गावातून पुढचा माणूस परदेशी निघेल तेव्हा त्याच्या खिशात पासपोर्टाबरोबर एवढा एक प्रश्न जरूर असावा: सगळे कापून हातात किती?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला