'मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या'... आणि पुढे?

'त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे.'

तालुक्याला बातमीदारी करणाऱ्या कुणालाही हे झोपेतसुद्धा लिहिता येईल. फक्त नाव आणि वय बदलायचं. पुरुष गेला तर 'सोसायटीचे माजी चेअरमन', 'निवृत्त मुख्याध्यापक' असं काहीतरी तरी येतं. बाई गेली की ती अमक्यांची पत्नी, तमक्यांची आई. ऐंशी वर्षांचं आयुष्य चार ओळींत आटोपलं!

हे फक्त साध्यासुध्या बायकांच्याच वाट्याला येतं असं समजू नका. साधनाताई आमटेंचं उदाहरण घ्या. नागपूरच्या घुल्यांची ही इंदू. जन्म १९२६ चा. लग्नघरातून हळूच निघून म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करणारी ही मुलगी बाबा आमटेंनी पाहिली आणि तिलाच मागणी घातली, ही हकिकत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९४६ ला लग्न झालं. पुढे वरोऱ्याजवळची खडकाळ जमीन, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. सोबत विकास आणि प्रकाश ही दोन लहान लेकरं. कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळायचे तो हा काळ. तिथं आनंदवन उभं राहिलं.

बाबांना १९८५ ला मॅगसेसे मिळाला, १९८६ ला पद्मविभूषण. मान योग्यच होता, त्याबद्दल वाद नाही. पण बाबांच्या पाठीच्या दुखण्यात त्यांना सांभाळणं, आलेल्या-गेलेल्याला घास घालणं, मुलं वाढवणं आणि शेकडो माणसांची आई होणं, याला आपण काय म्हणतो? 'मोलाची साथ'. १९९० मध्ये बाबा नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा ताईंनी साठी ओलांडलेली होती. त्याही सोबत गेल्या. २०११ च्या जुलैमध्ये त्या गेल्या.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. 'त्याग', 'साथ', 'माउली' हे शब्द गोड आहेत, पण सोयीचेही आहेत. एकदा त्याग म्हटलं की कामाचा हिशोब ठेवायची गरज उरत नाही. साधनाताईंनी 'समिधा' स्वतः लिहिलं, म्हणून निदान त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत आपल्यापुढे आली. आपल्या गल्लीतल्या आजीची 'समिधा' कोण लिहिणार?

प्रत्येक गावात अशा बाया आहेत. रात्री-अपरात्री कंदील घेऊन बाळंतपणाला धावलेली सुईण. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून दारोदार फिरून आडव्या बाटलीला मतं मिळवणारी. बचत गटाचं पहिलं खातं उघडायला बँकेच्या चार चकरा मारणारी. धाकट्या दिरांची शिक्षणं करून स्वतः अंगठाच लावत राहिलेली. ती गेली की हे सगळं तिच्याबरोबरच जातं. ना ग्रामपंचायतीच्या दप्तरात, ना पेपरात.

कुणी म्हणेल, दुःखाच्या घरी असले प्रश्न कोण विचारणार? बरोबर आहे. त्या दिवशी विचारूच नका. पण दशक्रियेला माणसं जमतातच ना? तेव्हा तिच्या मैत्रिणींना विचारा, शेजारणींना विचारा. पोरांना माहीत नसलेलं त्यांना माहीत असतं. आणि त्याहून बरं म्हणजे, आजी अजून ओट्यावर बसलेली आहे तोवर तिलाच विचारा. मोबाइल सगळ्यांकडे आहे, आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

आणि मंडळी, निधनाची बातमी पाठवताना एवढं करा. परिवाराची यादी थोडी छोटी करा. त्याजागी तिनं केलेलं एक काम लिहा. एकच, पण नेमकं. गावाला कळू द्या की नक्की कोण गेलं.