संशोधन कोणाला उत्तरदायी?

तुळजापूरच्या भवानी मंदिरात एखाद्या पुजाऱ्याने गैरवर्तन केले, तर त्याला काही काळ मंदिरप्रवेश बंद करण्याची नोटीस मंदिर संस्थानकडून निघते. या नोटिशीचा आधार कोणत्याही धर्मग्रंथात नाही, आणि स्वतंत्र भारताच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यातही नाही. निजामाच्या राजवटीत १९०९ साली या मंदिरासाठी ‘देऊळ-ए-कवायत’ या नावाची नियमावली तयार झाली. तिचा आधार संस्थानच्या कारवाईत अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत घेतला गेला आहे. भोपे, पाळीकर आणि उपाध्ये या तीन पुजारी मंडळांचे हक्क, सेवेच्या पाळ्या, उत्पन्नाचे वाटे, या सर्वांचा गुंता रूढी आणि ही नियमावली यांच्या मधल्या जागेत आहे. संस्थानचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या राज्यसंस्थेच्या अधिकाऱ्याकडे. दानपेटीच्या लिलावात १९९१ ते २००९ या काळात झालेल्या कथित गैरव्यवहाराचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला तो २०२४ मध्ये. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये जाऊन धाराशिव झाले. उस्मानच्या आधीच्या निजामाची कवायत मात्र देवीच्या दारात कायम राहिली. नामांतराचा जयघोष करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असेलच असे नाही.

कायदा, नीती, श्रद्धा आणि समाजाचे प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हे पाहण्यासाठी याहून बोलके ठिकाण शोधावे लागणार नाही. आणि योगायोग असा, की या विषयांच्या अभ्यासाची साधनेही याच जिल्ह्यात आहेत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ग्रामीण परिसर तुळजापुरात १९८०च्या दशकापासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर जिल्ह्याच्या ठिकाणी २००४ पासून आहे. प्रश्नही दाराशी आहे आणि प्रयोगशाळाही. तरीसुद्धा आराधी, गोंधळी, शेतमजूर, ऊसतोड कामगार किंवा पारधी तांड्यावरची बाई यांच्यापैकी कोणाच्या आयुष्यातील निर्णयाला विद्यापीठाच्या संशोधनाचा हात लागला, असे अभावानेच आढळते. हे का घडते?

प्राध्यापकांच्या नीतिमत्तेला दोष देऊन या प्रश्नातून सुटता येणार नाही. माणसे ज्या गोष्टीचा मोबदला मिळतो तीच निर्माण करतात, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा विद्यापीठांनाही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, परिसंवादातील वाचनाला इतके. गुण मोजले जाऊ लागताच निबंधांचे पीक आले, आणि ते छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदाही उभा राहिला. शंभर उत्तरदात्यांना प्रश्नावली द्यायची, टक्केवारीचे तक्ते करायचे, आणि शेवटी ‘शासनाने जनजागृती करावी’ अशी शिफारस करायची! ती शिफारस अभ्यास सुरू होण्यापूर्वीही लिहिता आली असती. मराठवाड्यात सामाजिक शास्त्रांचे कित्येक प्रबंध मराठीत लिहिले जातात, ही अभिमानाची बाब होय. पण मराठी प्रबंधही परीक्षकासाठीच लिहिला जातो. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर तो सर्वांना खुला असतो खरा. मात्र ज्या गावाची माहिती त्यात आहे त्या गावाला, आपल्यावर काही लिहिले गेले आहे याची वार्ताच नसते.

जमिनीचे उदाहरण घ्यावे. निजामी मुलखात देवळाच्या वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन आणि व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली मदतमाश जमीन, असे इनामाचे निरनिराळे प्रकार होते. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतरही त्यांचे कोडे सुटले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘वर्ग दोन’चा शिक्का राहिला, त्यामुळे विक्री अडली, कर्ज अडले. मदतमाश जमिनींचा नजराणा ५ टक्क्यांवर आणण्याचे पाऊल शासनाने २०२४ मध्ये उचलले. पण देवाच्या नावाने असलेल्या जमिनीवर खरा ताबा कोणाचा, तिचे उत्पन्न सेवेला जाते की पुढाऱ्याच्या घरी, सेवा करणाऱ्या गुरवाला, मुजावराला वा वाजंत्र्याला त्यातले काय मिळते, या प्रश्नांची उत्तरे गावोगाव हिंडून आणि दप्तर उघडूनच मिळतील. ते दप्तर उर्दूत आहे, काही मोडीत आहे. ते वाचू शकणारे तरुण संशोधक विद्यापीठे किती तयार करीत आहेत? उर्दू ही एका धर्माची भाषा ठरवून टाकल्याचा तोटा मुसलमानांपेक्षा सातबाऱ्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या हिंदू कुळालाच अधिक होत आहे.

विद्वत्ता लोकांपर्यंत न्यायची म्हणजे ती पातळ करायची, असा एक समज आहे. त्याला या जिल्ह्यानेच उत्तर दिलेले आहे. कसबे तडवळे येथे १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली. तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. कोलंबियाची आणि लंडनची अर्थशास्त्रातील पदवी घेतलेला हा विद्वान महार वतनाच्या प्रश्नाशी १९२८ पासून विधिमंडळात झुंजत होता. वतन म्हणजे तुटपुंजी जमीन, तिच्या मोबदल्यात अमर्याद राबणूक आणि त्या राबणुकीला धर्माचे अधिष्ठान, ही मांडणी म्हटली तर अर्थशास्त्रीय आहे, म्हटली तर कायद्याची, म्हटली तर नीतीची. ज्यांच्याविषयी ती होती त्यांच्यासमोर ती ठेवली गेली आणि त्यांनी तिच्यावर विचार केला. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला (आणि त्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे दलितांनी किती रक्त सांडले हे सर्वश्रुत आहे) याहून वेगळा आदर्श शोधण्याची गरज नाही.

संशोधनाच्या नीतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसे गेली. उमरगा-लोहारा भागातील उद्ध्वस्त गावांत मदतीच्या गाड्यांमागोमाग पाहण्या करणारेही आले. घर गमावलेल्या माणसाने तीच हकिकत किती वहीवाल्यांना सांगावी? पारध्यांचे दुःख आणखी जुने आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पोलिसांच्या वहीतून आणि गावाच्या मनातून तो गेलेला नाही. अशा तांड्यावर प्रश्नावली घेऊन जाणाऱ्याने नाव, ठिकाण, उपजीविकेचे साधन लिहून घेतले आणि तो कागद भलत्या हाती पडला, तर त्याची किंमत संशोधक मोजणार नाही. औषधांच्या चाचण्यांसाठी नीतिसमित्या असतात. माणसाच्या इभ्रतीचे काय?

जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा. तो २०१७ मध्ये अंमलात आला. या दोन्ही कायद्यांमागे जी माहिती उभी होती, ती प्रामुख्याने कार्यकर्त्यांच्या टिपणवह्यांतून आलेली होती. चळवळीला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण चळवळीचाही एक दोष येथे सांगितला पाहिजे. आपल्या म्हणण्याला पोषक असलेला आकडा ती उचलते आणि गैरसोयीचा बाजूला ठेवते. भक्ताच्या श्रद्धेला शोषणाखेरीज दुसरा अर्थ असू शकतो, हे मान्य करताना समाजवादी कार्यकर्ता अडखळतो. परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या बाईला त्या परडीत काय दिसते, हे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने आयुष्य घालवून समजून घेतले. कायदा करणाऱ्याला आणि कायदा राबवणाऱ्याला त्या समजुतीची गरज आहे.

अर्थात हे सारे होण्यासाठी संशोधक उद्याही नोकरीवर असला पाहिजे. जून २०२४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटच्या विविध परिसरांतील मिळून शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापकांना व कर्मचाऱ्यांना, न्यासाचा निधी पुढे मिळाला नाही म्हणून, सेवा संपल्याच्या नोटिसा गेल्या. ओरड होताच त्या मागे घेण्यात आल्या. पण ज्याची नेमणूक निधीच्या प्रत्येक हप्त्याबरोबर टांगणीला लागते, तो मंदिराच्या हिशेबाविषयी वा कारखानदाराच्या जमिनीविषयी अवघड प्रश्न विचारील, ही अपेक्षा भाबडी आहे. अध्यापकांच्या कायम नेमणुकांची मागणी ही म्हणूनच केवळ पगाराची मागणी नव्हे.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. ज्या गावावर प्रबंध झाला, त्या गावच्या अशा एका सभेत संशोधकाने चार पानांचे मराठी टिपण वाचावे, लोकांच्या हरकती नोंदवाव्यात आणि त्या नोंदीसह प्रबंध विद्यापीठात सादर करावा, असा नियम करण्यास ना नवा कायदा लागतो, ना फारसा पैसा. विद्यापीठाच्या अधिसभेत पक्षाचे आणि मित्र संघटनांचे जे सभासद निवडून जातात, त्यांनी हा ठराव पुढच्या बैठकीत मांडावा. तोपर्यंत तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावांवर कोणते प्रबंध झाले आहेत त्यांची यादी करावी, आणि निदान एक तरी प्रबंध मिळवून पारावर वाचून दाखवावा. हरकती घेणारे तेथे भेटतील.