काय पुसावे, काय राखावे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी खानापुराकडे निघाले, तेव्हा पिशवीत एक काळी पातळ पाटी होती. आजीने विचारले, "हे काय गं?" मी म्हटले, "टॅबलेट आहे, आजी." आजी घाबरली. म्हणाली, "एवढी मोठी गोळी? आणि ती कुणाला द्यायची?" घरात हशा पिकला. पण हसून झाल्यावर मी तिला ती पाटी आणि त्यासोबतचे पेन दाखवले, तेव्हा ती जे बोलली ते मला आजही पटते. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा पाटी-पेन्सिलच की! मग शाळेत इतकी वर्षे काय केलेस?"

वाचकहो, आजचा माझा विषय ही पाटीच आहे. फोटो दुरुस्त करण्यासाठी संगणकाला जोडायचा पेन टॅबलेट घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, आणि घेतल्यावर त्याने काय करावे, हे तीन प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्याचे उत्तर मला एका चुकीने शिकवले, आणि खरे तर त्यासाठीच हा लेखप्रपंच.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेज हुबळीला, आणि मुक्काम उणकलला मामाकडे. लग्नसराईत एका स्टुडिओचे काम मी घरी आणते. जुने फोटो नीट करणे, लग्नाच्या आल्बममधले चेहरे साफ करणे, असे ते काम. स्टुडिओच्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते पेनड्राइव्हवर फोटो देतात, मी रात्री दोन तास बसते आणि सकाळी कॉलेजला जाताना काम परत करते. एका फोटोचे चाळीस रुपये.

आधी हे काम मी माऊसने करीत असे. माऊसने चेहरा दुरुस्त करणे म्हणजे साबणाची वडी हातात धरून सही करणे! बटण दाबले तर पूर्ण जोर, सोडले तर शून्य. मधले काही नाही. पेनाला मात्र दाब कळतो. हलके टेकवले तर फिकट, जोरात दाबले तर गडद. गालावरची सावली हळूहळू उजळत न्यायची असेल, तर हा मधला भागच तर महत्त्वाचा.

हे नवे आहे असे कोणी समजू नये. छायाचित्रणाची कला तरुण होती तेव्हापासून पेन्सिल तिच्या सोबतीला आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनात दुरुस्त केलेली निगेटिव्ह मांडली आणि लोक चकित झाले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे जगभरच्या स्टुडिओंत उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, मागून उजेड घेऊन, टोकदार शिसपेन्सिलीने चेहरे साफ केले जात. यातली गंमत पाहा. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे शिसे भरले की छापताना उजेड अडतो आणि कागदावर तो डाग उजळ होतो. उलट एखादी जागा गडद करायची असेल, तर बारीक सुरीने निगेटिव्हवरचा थर खरवडायचा. म्हणूनच या धंद्यात चित्र काढणारा हात लागे. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढणारे दादासाहेब फाळकेही आधी चित्रकला शिकले, मग गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ घालून बसले होते. संगणक आला आणि माऊसने हा हात मध्यंतरी काढून घेतला. पेनाने तो परत दिला, इतकेच.

परत दिला तो कसा? 1964 साली अमेरिकेत रँड संस्थेने संगणकाला जोडलेली पाटी तयार केली. पुढे 1983 साली जपानमध्ये वॅकॉम कंपनी निघाली. तिच्या पद्धतीच्या पाटीखाली तारांची बारीक जाळी असते. त्या जाळीतून निघणारी चुंबकीय लहर पेनातल्या वेटोळ्याला जागे करते आणि ते वेटोळे उलट उत्तर देते. त्यामुळे पेनात सेल घालावा लागत नाही, आणि टोक पाटीला न टेकवता थोडे वर धरले तरी पडद्यावर बाण हलतो. आता चिनी कंपन्यांच्याही अशा बिनसेलच्या पाट्या स्वस्तात मिळतात.

आता निवडीचा प्रश्न. दुकानदार आधी आकडा दाखवतो. दाबाच्या इतक्या पायऱ्या, 4096, 8192, 16384! उथळ पाण्याला खळखळाट फार. आपण ज्या फोटोवर काम करतो, त्यात बहुधा प्रत्येक मूळ रंगाच्या 256 छटा असतात. मैत्रिणीकडच्या आठ हजारवाल्या पाटीवर मी काम करून पाहिले आणि माझ्या दोन हजारवालीवरही. मला काहीएक फरक जाणवला नाही. आकड्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पेन हातात जड किंवा निसरडे वाटते का? अगदी हलक्या स्पर्शाची रेघ उमटते का? आणि झिजलेली टोके बदलायला नवी टोके मिळतात का? पाटीचा पृष्ठभाग कागदासारखा खरखरीत असतो, तो टोक खातोच.

दुसरा प्रश्न आकाराचा. इथे आपली जुनी म्हण उपयोगी पडते, अंथरूण पाहून पाय पसरावे. सहा इंच लांब आणि चार इंच रुंद जागेची लहान पाटी मनगट फिरवून वापरता येते. दहा बाय सहाची मध्यम पाटी कोपरापासून हात हलवायला लावते. चेहऱ्याचे बारीक काम मनगटाचे. चित्र काढणाऱ्याला मोठी लागते. माझे टेबल म्हणजे मामीच्या शिलाई मशीनचे फळकूट, म्हणून मी लहान घेतली. वापरलेली, 3,400 रुपयांत.

पडदा असलेल्या पाट्याही मिळतात. त्यात फोटोवरच पेन चालते. पण किंमत अनेक पट, आणि वाकून वाकून मान धरते. साध्या पाटीत डोळे समोर पडद्यावर आणि हात खाली असतो. पहिल्या आठवड्यात हे जमतच नाही, हात एकीकडे आणि बाण दुसरीकडे. पण पेटी वाजवणारा कुठे पट्ट्यांकडे पाहतो? तो गायकाकडे पाहतो. आपल्या हुबळी-धारवाडच्या मातीत हे वेगळे सांगायला नको.

घेतल्या घेतल्या एक काम अवश्य करावे. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचे प्रमाण जुळवून घ्यावे. ते जुळले नाही तर तुम्ही गोल काढाल आणि पडद्यावर अंडे उमटेल. मग पाटीला नावे ठेवू नयेत. नाचता येईना अंगण वाकडे, अशी गत होते. आणि महिनाभर माऊस कपाटात ठेवावा, नाहीतर अडले की हात त्याच्याकडेच धावतो. फोटोशॉपला पैसे नसतील तर गिंप हा फुकटचा प्रोग्रॅम आहे. पेनाचा दाब त्यालाही कळतो.

वाणिज्याची विद्यार्थिनी हिशेब मांडल्यावाचून कशी राहील? माऊसने एका फोटोला मला साधारण पंचवीस मिनिटे लागत, म्हणजे दोन तासांत पाच फोटो. पाटीवर हात बसल्यावर दहा मिनिटे लागू लागली, म्हणजे बारा फोटो. रोज सात फोटो जास्त, म्हणजे 280 रुपये जास्त. बारा-तेरा रात्रींत पाटीची किंमत वसूल. मात्र यात एक मेख आहे. हात बसायला मला पाच आठवडे लागले आणि त्या काळात मिळकत वाढली नाही, घटली. शिवाय लग्नसराई संपली की बारा फोटो आणायचे कुठून? म्हणून ज्याच्याकडे काम आहे त्याने घ्यावी. नुसत्या हौसेसाठी कर्ज काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथवर सारे ठीक होते. पण वेग वाढला की विचार कमी होतो, हे कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही.

गेल्या वैशाखात अण्णांनी एक जुना फोटो दिला. एका कन्नड कुटुंबातली आजी वारली होती. तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा एकुलता एक फोटो मोठा करून हवा होता. कागदाला बुरशी आलेली, एक घडी कपाळावरून गेलेली. मी फोटो पडद्यावर तिपटीने मोठा केला आणि पेन चालवू लागले. बुरशीचा एक ठिपका गेला, दुसरा गेला, घडी बुजली. हीलिंग ब्रश नावाचे जे साधन 2002 साली फोटोशॉपमध्ये आले, ते शेजारची कातडी घेऊन डाग असा भरून काढते की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. तासाभरात चेहरा स्वच्छ झाला. मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी त्या आजीचा मुलगा स्टुडिओत आला. पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "इदु नम्म अव्व अल्ल." ही आमची आई नव्हे. रागावले नाहीत, पैशांबद्दल बोलले नाहीत. फक्त स्वतःच्या दोन भुवयांच्या मधोमध बोट ठेवून म्हणाले, "हच्चे?"

हच्चे म्हणजे गोंदण. तिच्या कपाळावर हिरवट गोंदणाचे ठिपके होते आणि मी ते बुरशीबरोबर पुसून टाकले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण, वाचकहो, तसेच गोंदण माझ्या स्वतःच्या आजीच्या कपाळावर आहे. ज्या कपाळाला मी लहानपणापासून हात लावला, तेच मला ओळखू आले नाही. का? तर मी चेहरा पाहतच नव्हते, मी ठिपके पाहत होते. तिपटीने मोठ्या केलेल्या चौकटीत माणूस मावत नाही, फक्त कातडी मावते.

मूळ स्कॅन अण्णांनी जपून ठेवला होता म्हणून निभावले. त्या रात्री मी सारे पहिल्यापासून केले. या वेळी आधी पूर्ण फोटो दहा मिनिटे नुसता पाहिला आणि अण्णांच्या मार्फत घरच्यांना विचारून घेतले. दुरुस्ती मूळ फोटोवर न करता वरच्या वेगळ्या लेअरवर केली, म्हणजे चुकले तर तेवढेच काढता येते. दर पाच मिनिटांनी फोटो लहान करून चेहरा पुन्हा पाहिला. पाटी तीच, पेन तेच, वेळ मात्र तीन तास. चाळीस रुपयांच्या हिशेबात हा तोटाच. पण तो तोटा मी आनंदाने सोसला.

त्यातून माझ्यापुरता एक नियम तयार झाला. जे कागदावर पडले ते पुसावे. जे माणसावर आहे ते विचारल्यावाचून पुसू नये. बुरशी, ओरखडा, घडी ही कागदाची. तीळ, व्रण, गोंदण, सुरकुती ही माणसाची. आठवडाभरात आपोआप जाणारी पुटकुळी गेली तर कोणाचे बिघडत नाही. पण जन्मभर सोबत असलेली खूण काढणे म्हणजे सफाई नव्हे.

आणि रंग? हा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्थळाला पाठवायच्या फोटोत "मुलगी जरा उजळ करा," असे सांगणारे लोक आम्हाला दर आठवड्याला भेटतात, मराठीही आणि कानडीही. या बाबतीत दोन्ही भाषांचे अगदी एकमत आहे! पेनाचा हलका दाब, चार फटके, आणि सावळी मुलगी गोरी. पुढे पाहायला आलेली माणसे फोटो आणि मुलगी यांची तुलना करतात, तेव्हा खाली मान कोणी घालायची? फोटो करणाऱ्याने नव्हे, त्या मुलीने. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीत मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड करून दाखवले तर फोटो दुरुस्त केल्याचे त्यावर छापावे लागते. आपल्याकडे स्थळाच्या फोटोवर असे कोण छापणार? तेव्हा हा कायदा पेन धरणाऱ्या बोटांनीच पाळायचा आहे. मी अण्णांना सांगून टाकले आहे की उजेड कमी पडला असेल तर उजेड वाढवून देईन, मुलगी बदलून देणार नाही. अण्णा हसले, पण तेव्हापासून असले फोटो माझ्या पेनड्राइव्हवर येत नाहीत. महिन्याला थोडी मिळकत कमी झाली, हे खरे.

संध्याकाळी काम नसले की मी उणकलच्या चंद्रमौळेश्वराच्या देवळात जाऊन बसते. चालुक्यांच्या काळातले हे देऊळ. दगड झिजलेला, कोरीवकामाच्या कडा कुठे बोथट, कुठे तुटलेल्या. धूळ झाडावी, गवत उपटावे, हे कोणालाही पटेल. पण झिजलेल्या चेहऱ्यावर सिमेंटचे नवे नाक बसवा, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला वेड्यात काढू. दगडाला आपण जो मान देतो, तो आपल्या आयाबहिणींच्या चेहऱ्यांना द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पाटी जरूर घ्या. लहान घ्या, जुनी घ्या, महिनाभर धीर धरा. या दिवाळीला मी घरी जाईन तेव्हा आजीचा एक नवा फोटो काढणार आहे, अगदी जवळून, कपाळावर पुरेसा उजेड घेऊन. आणि त्या फोटोवर पेन टेकवणार नाही.