'फॉरमॅट मार' म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा!

नवा लॅपटॉप आणला की पहिले दोन दिवस आपण त्याला कुणाला हात लावू देत नाही. तिसऱ्या दिवशी वायफाय तुटायला लागतं, नाहीतर ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या तोंडावर माइक मुका होतो. मग तोच लॅपटॉप हॉस्टेलभर फिरतो. प्रत्येक जण चार बटणं दाबून बघतो आणि शेवटी कुणीतरी निकाल देतो, 'फॉरमॅट मार रे, सगळं ठीक होईल!'

हा सल्ला देणाऱ्याला फक्त एवढंच विचारा, 'नक्की बिघडलंय काय?' उत्तर देता आलं नाही तर लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घ्या. मैत्री टिकेल, काळजी करू नका.

माझ्या ओळखीतल्या थर्ड इयरच्या एका मुलानं तो काढून घेतला नाही. बिझनेस सिरीजचा नवाकोरा लॅपटॉप. आठवड्याभरात वायफाय दर दहा मिनिटांनी तुटायला लागलं. मित्रांचं ऐकून त्यानं जवळच्या दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणला. डेस्कटॉपवर ठेवलेलं सेमिस्टरभराचं मिनी प्रोजेक्ट गेलं. फिंगरप्रिंट चालेना, कॅमेरा दिसेना. लायसनचं विंडोज होतं, त्याच्या जागी दुकानदारानं क्रॅक केलेलं टाकून दिलं, वर त्याचे पैसेही घेतले. आणि चौथ्या दिवशी वायफाय पुन्हा तुटायला लागलं!

कारण गडबड वायफायच्या नव्या ड्रायव्हरमध्ये होती. विंडोज अपडेटनं तोच ड्रायव्हर इमानेइतबारे परत आणून बसवला. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि तिथलं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण. जुना ड्रायव्हर परत. दोन मिनिटांचं काम होतं, त्यापायी प्रोजेक्ट गेलं.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि मशीनचा एखादा भाग यांच्यामधला दुभाषा. बिझनेस लॅपटॉपमध्ये असे भाग जरा जास्तच. फिंगरप्रिंट, चेहरा ओळखणारा कॅमेरा, कधी स्मार्ट कार्ड रीडर. साधं विंडोज टाकलं की त्याला हे सगळे पाहुणे ओळखीचे नसतात. त्यात आपल्याकडे चार पैसे वाचतात म्हणून विंडोज नसलेला, 'डॉस'वाला लॅपटॉप घ्यायची पद्धत. दुकानदार पेन ड्राइव्हनं विंडोज टाकून देतो, ड्रायव्हरचं कुणी बघत नाही, आणि आपण घरी येऊन म्हणतो, पीसच खराब निघाला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर घाबरू नका, त्यावर डबल क्लिक करा. आत एक कोड असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे तो भाग सुरू होत नाहीये. कोड ४३ म्हणजे त्या भागानंच अडचण कळवली आणि विंडोजनं त्याला थांबवलं. नुसतं 'अननोन डिव्हाइस' लिहिलं असेल तर डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यात 'व्हेन' या अक्षरांपुढे कंपनीचा नंबर असतो. ८०८६ दिसलं की इंटेल. (इंटेलच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नावही हेच. इंजिनिअर लोकांना असल्या गमती सुचतात.) आता लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा, तळाशी छापलेला सिरीयल नंबर टाका आणि तिथूनच त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. वायफायच बंद असेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

तिथूनच घ्या असं का म्हणतोय? कारण 'एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा मला मनापासून राग आहे. काही ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतात. तिथे चूक झाली की अख्खं मशीन बसतं. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर आली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सुरक्षा हाच धंदा असलेल्या कंपनीकडून हे होऊ शकतं, तर कुठल्या तरी अनोळखी साइटवरच्या 'बूस्टर'ला तुमच्या मशीनच्या गाभ्यात का बसू द्यायचं?

आणि दरवेळी ड्रायव्हरच दोषी असतो असंही नाही. माइक बंद? वरच्या रांगेत माइकचं चित्र असलेल्या बटणावर लाल दिवा लागलाय का बघा, चुकून दाबलं गेलं असेल. कॅमेरा काळा? त्याच्यावर सरकणारी बारीकशी झडप असते. बॅटरी ८० टक्क्यांवर अडते? अनेक बिझनेस लॅपटॉपमध्ये बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून तशी सोय मुद्दाम दिलेली असते, सेटिंगमध्ये बदलता येते. या तीन गोष्टींसाठी फॉरमॅट मारलेली माणसं मी पाहिली आहेत.

बायोस अपडेट करण्याआधी मात्र थांबा. बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते, आणि बायोसमध्ये बदल झाला की मशीन अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर ती बहुधा त्या अकाउंटवर असते. आत्ताच शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कंपनीचा माणूससुद्धा उघडू शकत नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर? लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. तिथे वायफाय धड चाललं तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे. तिथेही रडलं तर शहाणपणा बंद करा आणि कंपनीला फोन लावा. वॉरंटीचे पैसे तुम्ही भरलेत. तक्रारीचा नंबर घ्या, आणि बदलून मिळण्याची मुदत कधी संपते ते बिलावर किंवा ऑर्डरमध्ये बघा. लाजत बसलात तर ती मुदत निघून जाते.

त्या थर्ड इयरवाल्याचा परवा फोन आला. टचपॅड चालत नाहीये म्हणाला. मी विचारलं, "कोड काय दाखवतोय?"

"थांब, माउस जोडून बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी मेसेज आला : 'कोड १०. कंपनीच्या साइटवर आहे, डाउनलोड करतोय. आणि हो, आधी प्रोजेक्टचा बॅकअप घेतला.'